कामावरून कमी करतायत? आधी तारीख ठरवा, मग सही करा

२०२४ च्या जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, मला केबिनमध्ये बोलावलं गेलं. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात मी क्वालिटीला होतो, साडेआठ वर्षं होत आली होती. ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या, तीन शिफ्टच्या दोन झाल्या होत्या, त्यामुळे कुणाचा तरी नंबर लागणार हे सगळ्यांना कळत होतं. टेबलावर टाइप केलेला राजीनामा तयार होता. खाली माझं नाव आणि तारीख ३० जून.

"साहेब, घरात विचारून उद्या सांगतो," मी म्हटलं.

"घरात काय विचारायचं त्यात? आज सही करा, महिन्याचा पगार आणि ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन जावा."

त्या दिवशी मी सही केली नाही. शहाणपणानं नव्हे, हात थरथरत होता म्हणून. पण तेवढ्यानं मला जे आठ-दहा दिवस मिळाले त्यात बरंच काही शिकलो. त्यानंतर शिरोली, कागल, उद्यमनगर अशा ठिकाणच्या ओळखीच्या पाच-सहा जणांबरोबर बसून त्यांचे हिशेब पाहिले. प्रत्येक वेळी तीच चूक दिसली: माणूस रकमेवर भांडतो आणि तारीख कंपनी लिहील तशी मान्य करतो. वास्तविक रकमेचा मोठा भाग तारखेवरच ठरतो. म्हणून हे क्रमवार लिहितोय.

१. पहिल्या दिवशी कशावरही सही करू नका

"आजच सांगा" असं म्हणण्यामागे कारण असतं. राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वखुशीनं गेलात. मग नोकरकपातीची भरपाई नाही, कंपनीनं द्यायची नोटीस नाही. उलट नेमणूक पत्रात "कर्मचाऱ्यानं दोन महिन्यांची नोटीस द्यावी" असं असेल तर तुमच्याच हिशेबातून नोटिशीचे पैसे कापले जाऊ शकतात. माझ्या एका मित्राचा असा दीड महिन्याचा पगार गेला. कंपनीनंच जायला सांगितलं होतं, पण कागदावर तो स्वतः गेला होता.

केबिनमध्ये एवढंच बोला: "मला पत्र द्या, वाचून दोन दिवसांत उत्तर देतो." आवाज चढवू नका, रडू नका, "बघून घेतो" म्हणू नका. घरी गेल्यावर त्याच दिवशी एचआरला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा: आज अमुक वाजता मला तोंडी असं सांगण्यात आलं, लेखी पत्राची वाट पाहतो. तोंडी बोलण्याला तारखेचा पुरावा मिळतो तो इथे.

आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर जा. हे फार महत्त्वाचं आहे. रागानं चार दिवस घरी बसलात की गैरहजेरीची नोटीस येते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. गेटवर अडवलं तर तिथूनच मेसेज पाठवा की मी हजर झालो होतो, आत सोडलं नाही.

२. कागद गोळा करा

राजीनाम्यावर सही झाली किंवा कार्ड बंद झालं की कंपनीच्या पोर्टलवरचं काही मिळत नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांत हे हाताशी घ्या:

- नेमणूक पत्र, कायम केल्याचं पत्र, प्रत्येक पगारवाढीचं पत्र
- मागच्या किमान १२ महिन्यांच्या पगार स्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँक पासबुक
- पीएफचं पासबुक (यूएएन म्हणजे पीएफच्या कायम नंबरानं काढता येतं) आणि त्यात नोंदलेली रुजू तारीख
- शिल्लक रजांची नोंद. पोर्टलवर असेल तर मोबाईलवर फोटो घ्या
- फॉर्म १६, ओळखपत्राची दोन्ही बाजूंची प्रत
- ईएसआय (राज्य कामगार विमा) कार्ड किंवा कंपनीच्या मेडिक्लेमची प्रत
- कंपनीच्या सोसायटीचं कर्ज असेल तर शिल्लक रकमेचा उतारा, आणि तुम्ही कुणाला जामीन असाल तर त्याचाही

कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांची कागदपत्रं, प्रोग्राम यांना मात्र हात लावू नका. स्वतःचे कागद हा तुमचा हक्क आहे. ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घेतलंत तर गैरवर्तनाचा ठपका बसेल आणि बोलणी तिथेच संपतील.

३. तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले कामगार आहात का, ते पाहा

इथे पदाचं नाव बघू नका, काम बघा. माझं पद "असिस्टंट ऑफिसर" होतं. पण दिवसभर गेज आणि सीएमएमवर (मापं तपासायच्या मशीनवर) पार्ट तपासायचो, माझ्या हाताखाली कुणी नव्हतं, कुणाची रजा मी मंजूर करत नव्हतो. म्हणजे तांत्रिक काम करणारा कामगारच. "तुम्ही स्टाफ आहात, तुम्हाला कामगार कायदा नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. तेव्हा रोजच्या कामाची यादी लिहून काढा आणि तीच पुढे ठेवा.

मुख्य नियम असे आहेत. माझ्या वेळी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. दोन्हींत मूळ गाभा एकच: किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की सलग वर्ष धरतात. मोठ्या कारखान्यांना तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० कामगारांची होती, नव्या संहितेत ३०० ची झाली. आपल्या भागातले बरेचसे फाउंड्री आणि मशीन शॉप या मर्यादेच्या आतच आहेत, त्यामुळे बहुतेकांना एक महिन्याचाच नियम लागतो. नव्या संहितेत सुपरवायझरचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस कामगार धरला जात नाही. मॅनेजर, आयटीतली वरची पदं यांना नेमणूक पत्रातलं नोटिशीचं कलम हाच आधार. त्यांनी ते कलम वाचून थेट पाचव्या पायरीवर जावं.

ठेकेदाराकडून लागलेल्यांचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो, नोटीस आणि भरपाई त्याच्याकडे मागावी लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर मुदत संपणं ही कपात धरत नाहीत. पण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कर्मचाऱ्याला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे, ती मागायला विसरू नका.

४. कॅलेंडर घेऊन बसा

ही पायरी घाईत उरकू नका. एका कागदावर रुजू तारीख लिहा, शेजारी कंपनीनं सांगितलेली शेवटची तारीख, आणि वर्षं, महिने, दिवस मोजा.

माझी रुजू तारीख १६ जानेवारी २०१६. ३० जूनला गेलो असतो तर सेवा भरली असती ८ वर्षं, ५ महिने, १५ दिवस. ग्रॅच्युइटी आणि कपातीची भरपाई या दोन्हींत सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे ३० जूनला माझी सेवा ८ वर्षं, आणि १५ जुलै ओलांडून गेलो तर ९ वर्षं.

आता पैसे मोजू. माझ्या वेळचं ग्रॅच्युइटीचं सूत्र: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझे मूळ आणि महागाई मिळून १९,५०० होते, म्हणजे एका वर्षाचे ११,२५०. आठ वर्षांचे ९०,०००, नऊ वर्षांचे १,०१,२५०. भरपाईसाठी तेव्हा पूर्ण पगार धरत. माझा २६,००० होता, म्हणजे वर्षाला सुमारे १३,०००. तारीख अवघी काही दिवस पुढे सरकली तर या दोन रकमांत मिळून चोवीस हजारांचा फरक, शिवाय जादा दिवसांचा पगार वेगळा.

ज्यांची सेवा पाच वर्षांच्या आसपास आहे त्यांनी तर डोळ्यांत तेल घालून मोजावं. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांनी मिळतो. चार वर्षं दहा महिने झालेल्या माणसाला कंपनी "या महिन्याअखेर" म्हणाली, तर त्यानं दुसरं काही मागण्याआधी दोन महिने मागावेत. पेन्शनसाठी पीएफमधली सेवा दहा वर्षं लागते. नऊ वर्षांच्या पुढे असाल तर तेही पाहा.

तारखेला आणखी तीन गोष्टी जोडलेल्या असतात:

बोनस. वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या आणि कायद्याच्या पगार मर्यादेत, म्हणजे महिना २१,००० पर्यंत, असलेल्या माणसाला त्या वर्षाचा काम केल्याच्या प्रमाणात बोनस मिळतो, किमान ८.३३ टक्के. "दिवाळीला हजर असणाऱ्यालाच बोनस" हे चूक आहे. जूनमध्ये गेलात तरी मागच्या आर्थिक वर्षाचा पूर्ण आणि चालू वर्षाचा तीन महिन्यांचा बोनस तुमचा आहे. तो कधी देणार हे पत्रात लिहून घ्या.

औषधपाणी. ईएसआयमध्ये एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाच्या पैशांसाठी त्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते. दोन-चार दिवस कमी पडत असतील तर तारीख तेवढी ढकलून घ्या. कंपनीचा गट मेडिक्लेम मात्र बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते आम्ही जुलैमध्ये करून घेतलं. तारीख पुढे गेली नसती तर ते खिशातून करावं लागलं असतं.

आर्थिक वर्ष. तुमची रक्कम मोठी असेल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलणी चालली असतील, तर शेवटची तारीख आणि पैसे एप्रिलमध्ये गेले तर कर कमी बसतो का, हे कर सल्लागाराला विचारा. कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते, नोटिशीऐवजी दिलेला पगार मात्र करपात्र. राजीनामा घेऊन "खुशीनं दिलेली रक्कम" म्हणून पैसे दिले तर ही सवलत हातची जाते.

५. नोटीस काम करून भरायची की पैसे घ्यायचे

पैसे घेऊन लगेच मोकळं होणं बरं वाटतं. पण नोटिशीऐवजी पगार घेतला तर सेवा साधारणपणे त्याच दिवशी संपते, तो महिना सेवेत धरला जात नाही. त्यामुळे सहा महिन्यांची किंवा पाच वर्षांची रेषा जवळ असेल तर काम करून नोटीस भरा. रेषा लांब असेल आणि दुसरीकडे काम मिळत असेल तर पैसे घेऊन निघा.

कंपनी एक गोष्ट सहज सुचवते: "तुमच्या वीस रजा शिल्लक आहेत, त्या नोटिशीत जिरवा." मान्य करू नका. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की न घेतलेली रजा नोटिशीच्या मुदतीत धरायची नाही. रजांचे पैसे वेगळे, नोटीस वेगळी.

६. बोलणीला जाताना कंपनीची अडचण ओळखा

मी दुसऱ्या भेटीला गेलो तेव्हा कायद्याचं पुस्तक उघडलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट होतं आणि त्याच्या तपासणीच्या नोंदी मीच ठेवत होतो. मी म्हटलं, "साहेब, ३० जूनला मी गेलो तर ऑडिटला उत्तरं कोण देणार? ३१ जुलैपर्यंत मी थांबतो, ऑडिट काढून देतो, शिंदेंना सगळं शिकवून जातो. पत्र मात्र कपातीचं द्या, राजीनामा मी देणार नाही."

त्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी ३१ जुलै मान्य झाला. कपातीच्या पत्रावर अजून आठवडा गेला आणि त्यासाठी मला सांगावं लागलं की नाहीतर मी सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देईन. तेही शांतपणे, एकदाच सांगितलं. धमकी रोज दिली की तिचं वजन जातं.

प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं. कुणाच्या हाताला विशिष्ट व्हीएमसी मशीनची सेटिंग बसलेली असते, कुणी पॅटर्नची नोंदवही सांभाळतो, कुणाच्या ओळखीवर ट्रान्सपोर्टवाला गाडी लावतो. दोन दिवस विचार करून ते शोधा आणि तारखेच्या बदल्यात द्या.

क्रम असा ठेवा: आधी कपातीचं पत्र, मग तारीख, मग रक्कम. उलटा क्रम लावलात तर रकमेवर हो म्हटल्यावर बाकीच्या दोन्हींवर बोलायला कुणी बसत नाही. युनियन असेल तर प्रतिनिधीला पहिल्या भेटीपासूनच बरोबर घ्या. नसेल तर एकट्यानं जा, पण प्रत्येक भेटीनंतर ठरलेलं लिहून पाठवा.

नवीन नोकरी मध्येच मिळाली तर? "मला आठ दिवस आधी सोडा" हे जरूर मागा, पण त्याच पत्रात लिहून घ्या की लवकर सोडल्यानं भरपाईत आणि हिशेबात फरक पडणार नाही. आणि नव्या ठिकाणी जुनी तारीख संपल्यावरच रुजू व्हा. दोन कंपन्यांच्या पीएफ नोंदी एकमेकांवर चढल्या की पुढे पैसे वर्ग करताना फार डोकेदुखी होते.

७. पत्रात काय असावं

कपातीचं कारण, रुजू तारीख, सेवा संपण्याची तारीख, नोटीस कोणत्या दिवसापासून, भरपाईची रक्कम आणि ती कशी काढली, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, आणि पैसे बँकेत कोणत्या दिवशी जमा होणार. "शेवटचा कामाचा दिवस" आणि "सेवा समाप्ती" या तारखा वेगळ्या असू शकतात. सेवा समाप्तीची तारीख तीच महत्त्वाची.

पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका. कपातीची भरपाई कामगाराला कमी करतानाच द्यायची असते. राहिलेला पगार नव्या वेतन संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. नव्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक रक्कम आली आहे. मालकानं पुनर्कौशल्य निधीत (कमी केलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून ठेवलेल्या निधीत) १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा. ही बऱ्याच एचआरवाल्यांनाही माहीत नसते, तुम्ही आठवण करा.

सोसायटीचं कर्ज हिशेबातून कापण्याबद्दल वेगळी संमती मागतात. रक्कम उताऱ्याशी ताडून पाहा आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ग्रॅच्युइटी त्यात ओढू देऊ नका.

"माझा पूर्ण हिशेब मिळाला, कोणतीही तक्रार नाही" या पावतीवर सही पैसे खात्यात आल्यावरच. आधीच हवी असेल तर "रक्कम जमा होण्याच्या अटीवर, माझे हक्क राखून" असं हातानं लिहा आणि मग सही करा. त्याची प्रत घ्या.

८. बोलणी फिसकटली तर

दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. कंपनी पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. त्यानंतर कोल्हापुरातल्या सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. तिथे दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवण्याचा प्रयत्न होतो आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण मालकालाही हेलपाटे नको असतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायला ९० दिवसांची मुदत ठेवलेली आहे, म्हणून "बघू पुढं" करत बसू नका, वकिलाला लवकर भेटा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच तर ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच (खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं, मुंबईच्या गाडीचा खर्च वाचतो.

९. शेवटच्या दिवशी आणि नंतर

ओळखपत्र, गेज, गणवेश, लॉकरची किल्ली, जे परत कराल त्याची सही घ्या. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी मागा आणि त्यावर पदाबरोबर कामाचं स्वरूपही लिहून घ्या. कंपनीत तुमचा सध्याचा पत्ता आणि मोबाईल नोंदवून ठेवा. पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्या कामगारांना आधी विचारायचं असतं, नव्या संहितेत ही मुदत एक वर्षाची आहे.

ईएसआयमध्ये असलेल्यांनी बेरोजगारी भत्त्याची चौकशी शाखा कार्यालयात करावी. तिथेही पत्र कपातीचं आहे की राजीनाम्याचं, हे विचारलं जातं.

मग पीएफ. कंपनीनं तुमची बाहेर पडण्याची तारीख पोर्टलवर भरली पाहिजे. भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. माझ्या बाबतीत सप्टेंबरमध्ये पोर्टल उघडलं तर तिथे ३० जून दिसली, पहिल्या राजीनाम्यावर टाइप केलेली तीच तारीख. कपातीच्या पत्राची प्रत जोडून कंपनीला दुरुस्तीचा अर्ज दिला, दोन फोन केले, आणि तीन आठवड्यांनी तिथे ३१ जुलै आली. तोपर्यंत मी पैसे वर्ग करण्याचा अर्ज भरला नव्हता. तुम्हीही आधी ती तारीख पाहा, मगच अर्ज भरा.